कॅमिओ केमिकल्स : रसायनाचे नाव सांगा, पुढचे सगळे हे अ‍ॅप सांगते

रासायनिक अपघाताच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये एकच अ‍ॅप ठेवायचे असेल तर कोणते ठेवावे, असे मला कोणी विचारले, तर गेल्या सहा वर्षांच्या वापरावरून मी ‘कॅमिओ केमिकल्स’चे नाव घेईन. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आणि तेथील महासागर व वातावरण प्रशासन यांनी ते मिळून तयार केले आहे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर ते विनामूल्य मिळते, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही त्यातली सगळी माहिती हाताशी राहते. हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अपघाताच्या रात्री वसाहतीची वीज तोडलेली असते आणि मोबाइलची रेंज नेमकी त्याच वेळी दगा देते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. कोकणपट्टीतील एका औद्योगिक वसाहतीत चोवीस वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून काम केल्यानंतर आता त्याच भागातील अग्निशमन जवानांना आणि आसपासच्या गावांतील तरुणांना मी रसायनांची ओळख करून देते. त्यामुळे हे परीक्षण दुकानातून आणलेल्या एखाद्या वस्तूचे असावे तसे दोन दिवसांच्या हाताळणीवर लिहिलेले नाही. अ‍ॅप जे करते ते उत्तम करते, हे माझे मत मी आधीच नोंदवून ठेवते. ते जे करू शकत नाही, ते काम कारखान्याच्या मालकाचे आहे आणि कायद्यानेही त्याच्यावरच सोपवलेले आहे. त्याविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही.

अ‍ॅपची रचना साधी आहे. रसायनाचे नाव, कॅस क्रमांक (रसायनाचा आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक) किंवा चार आकडी यूएन क्रमांक (घातक मालाच्या वाहतुकीसाठी ठरवलेला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक) टाकला की त्या रसायनाचे पत्रक उघडते. नळपाणी योजनेच्या जलशुद्धीकरण केंद्रात दिसणाऱ्या क्लोरीनच्या टोनरचे, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरचे, उदाहरण घेऊ. १०१७ हा आकडा टाकला की सुरुवातीला ओळख, धोक्याचे चिन्ह आणि धोक्याचे प्रकार दाखवणारा चार रंगांचा चौकोन दिसतो. त्यानंतर हवा आणि पाणी यांच्याशी होणारी प्रक्रिया, आगीचा धोका, शरीरावरचा परिणाम, किती अंतरावरून लोक हलवावेत, कोणता पोशाख घालावा, प्रथमोपचार कोणते, अशा क्रमाने माहिती येते. सुरक्षित अंतराच्या तक्त्यात दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगळे दिलेले असतात. रात्री हवा स्थिर असते, वायू वर न जाता जमिनीलगत पसरत दूरपर्यंत जातो, म्हणून रात्रीचे अंतर मोठे धरावे लागते. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे, ही एक ओळ वाचलेला माणूस गळतीच्या वेळी सखल भागाकडे किंवा तळघराकडे पळणार नाही. तो वाऱ्याला आडवा होऊन उंचवट्याकडे जाईल. गावातील प्रशिक्षणात मी हीच ओळ सर्वांत आधी वाचून दाखवते.

आता ज्या प्रसंगाने मला या अ‍ॅपची ताकद आणि मर्यादा एकाच रात्री दाखवली, तो सांगते. काही वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, वसाहतीच्या टोकाला असलेल्या भाड्याच्या एका शेडमधून पांढरा धूर निघत असल्याचा निरोप आला. निरोप देणाऱ्याने ‘आग’ असे सांगितले होते, त्यामुळे बंब पाण्याची तयारी करूनच निघाला. मी पोहोचले तेव्हा शेडच्या शटरखालून धूर जमिनीवर सरपटत बाहेर येत होता, ज्वाळा कोठेही दिसत नव्हत्या, आणि घशाला असा झोंबरा वास लागत होता की डोळे उघडे ठेवणे कठीण झाले होते. नाल्याचे पाणी शेडमध्ये शिरले होते. आत काय ठेवले आहे, असे रखवालदाराला विचारले, तर तो म्हणाला, “ताई, निळी पिंपे आहेत, मालक दुसऱ्या गावाला असतात.” मालकाचा मोबाइल बंद होता. दारावर ना फलक होता, ना साठ्याची यादी लावलेली. वसाहतीच्या नोंदीत ती शेड केवळ ‘गोदाम’ म्हणून होती.

अग्निशमन केंद्राचे प्रमुख अनुभवी गृहस्थ होते. ज्वाळा दिसत नाहीत आणि वास आम्लासारखा आहे, एवढ्यावरून त्यांनी पाण्याचा नळ उघडू दिला नाही. त्या निर्णयाबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. परंतु पाणी मारायचे नाही, तर काय करायचे, हेही कोणाला ठरवता येत नव्हते. मागच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कामगारांना बाहेर काढता काढता त्यांच्यातील एका तरुणाने आपला मोबाइल पुढे केला. माल उतरवून घेतल्याची खूण म्हणून त्याने चार दिवसांपूर्वी पिंपांचा फोटो काढून मुकादमाला पाठवला होता. फोटो तिरका होता, लेबल अर्धेच आले होते, पण कोपऱ्यात चार आकडे स्पष्ट दिसत होते : १८३६. ते आकडे अ‍ॅपमध्ये टाकले आणि थायोनिल क्लोराइडचे पत्रक उघडले. चौकोनाच्या पांढऱ्या भागात आडवी रेघ मारलेले डब्ल्यू हे अक्षर होते, म्हणजे पाण्याची मनाई. पाण्याशी संपर्क आला की हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड हे दोन्ही वायू तयार होतात, हेही तेथेच लिहिले होते. आग नव्हतीच, नाल्याचे पाणी एका फुटक्या पिंपापर्यंत पोहोचले होते आणि तेवढ्याने हा सगळा धूर निघत होता. पिंपात किंवा गळतीवर पाणी पडू द्यायचे नाही, हवेत पसरलेली वाफ दाबण्यापुरताच दुरून फवारा वापरायचा, वाऱ्याच्या दिशेची घरे रिकामी करायची, असा पुढचा क्रम पत्रकातच होता आणि त्याप्रमाणे काम झाले. दोन जवानांना आणि तीन कामगारांना श्वासाचा त्रास झाला. सर्व जण बरे झाले.

अ‍ॅपमध्ये आकडे टाकून पत्रक उघडायला आम्हाला मिनिटही लागले नव्हते. ते चार आकडे मिळायला मात्र चाळीस मिनिटे लागली होती, आणि तेही मिळाले ते मालकाकडून नव्हे, एका कामगाराच्या मोबाइलमधून.

म्हणून या अ‍ॅपचे मूल्यमापन करताना मी नेहमी विचारते, की ते ज्या व्यवस्थेसाठी बनवले गेले, ती व्यवस्था आपल्याकडे कितपत आहे. अ‍ॅपमधील प्रत्येक पत्रकाच्या तळाशी अमेरिकी कायद्यांच्या तरतुदींचा एक भाग असतो. भारतीय वाचक तो ओलांडून पुढे जातात, आणि पूर्वी मीही जात असे. आता मात्र मी तो आवर्जून उघडून दाखवते. त्या भागात क्लोरीनपुढे १०० पौंड आणि १० पौंड असे दोन आकडे दिसतात. पहिल्याचा अर्थ असा, की १०० पौंड म्हणजे साधारण ४५ किलो क्लोरीन जवळ बाळगणाऱ्या कारखानदाराने ते आपल्याकडे आहे हे राज्याच्या आपत्कालीन प्रतिसाद आयोगाला आणि स्थानिक आपत्कालीन नियोजन समितीला कळवायचे आहे, आणि साठ्याचा वार्षिक तपशील या दोघांबरोबर स्थानिक अग्निशमन केंद्रालाही द्यायचा आहे. दुसऱ्याचा अर्थ असा, की १० पौंड म्हणजे साडेचार किलो क्लोरीन जरी हवेत सुटले, तरी त्याने ताबडतोब दूरध्वनी करून ते सांगायचे आहे आणि पाठोपाठ लेखी अहवाल द्यायचा आहे.

या आकड्यांचे मूळ आपल्याच देशात आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरले. हमीदिया रुग्णालयात हजारोंनी येणाऱ्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो वायू कोणता, हे माहीत नव्हते. डोळ्यांना पाणी लावा, याच्या पलीकडे उपयोगाचे काही त्यांना कारखान्याकडून कळले नाही. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९८५ रोजी, त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यातून विषारी गळती झाली आणि शंभराहून अधिक माणसे रुग्णालयात गेली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन नियोजन आणि समाजाचा माहितीचा हक्क यांविषयीचा कायदा झाला, तो या दोन घटनांच्या पाठोपाठ. त्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला दरवर्षी १ मार्चपर्यंत आपल्याकडील घातक रसायनांची नावे, वर्षातील सर्वाधिक साठा, रोजचा सरासरी साठा, तो कशात साठवला आहे आणि आवारात नेमका कोठे ठेवला आहे, हे सर्व लिहून द्यावे लागते. अग्निशमन दलाला आवारात जाऊन साठा पाहण्याचा हक्क आहे, आणि सामान्य नागरिकही लेखी अर्ज करून ही माहिती मागू शकतो. व्यापारी गुपित म्हणून एखाद्या रसायनाचे नेमके नाव झाकता येते. पण त्यासाठी कारणे सिद्ध करावी लागतात, रसायनाचा प्रकार तरीही सांगावा लागतो, आणि रुग्णावर तातडीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने विचारले तर ते नाव जागच्या जागी द्यावे लागते. आपल्याकडचे काही कारखानदार ‘नाव सांगितले तर स्पर्धकाला प्रक्रिया कळेल’ असे म्हणतात, तेव्हा मी त्यांना ही तरतूद सांगते. गुपित राखण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे, परंतु गुदमरणाऱ्या रुग्णाच्या डॉक्टरपासून काहीही राखता येणार नाही.

केवळ कागद भरल्याने काम होत नाही, याचाही दाखला त्याच देशात आहे. टेक्सासमधील वेस्ट या गावातील खताच्या गोदामाने २०१२ सालच्या आपल्या वार्षिक पत्रकात २७० टन अमोनियम नायट्रेट असल्याचे लिहून दिलेले होते. १७ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी तेथे आग लागली आणि पहिला दूरध्वनी आल्यापासून सुमारे वीस मिनिटांत स्फोट झाला. १५ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी १२ जण आग विझवायला आणि मदतीला धावून गेलेले होते. साठ्याची नोंद सरकारदरबारी होती, पण तो साठा आगीत कसा वागतो, आणि अशा वेळी किती अंतरावर थांबावे, याचे पूर्वनियोजन त्या स्वयंसेवी दलापाशी नव्हते. माहिती देणे म्हणजे ती फायलीत पोहोचवणे नव्हे, पाण्याचा पाइप धरणाऱ्याच्या डोक्यात पोहोचवणे, असे मी वर्गात या घटनेनंतर सांगते.

आता आपल्याकडे येऊ. कायदा नाही, असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातलेल्या ४१-ब या कलमाने घातक प्रक्रिया करणाऱ्या भोगवटादाराला, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्याला, धोक्यांची आणि त्यांवरील उपायांची संपूर्ण माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेला देणे बंधनकारक केले. ते न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षाही त्याच दुरुस्तीने ठेवली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हे कर्तव्य कायम ठेवलेले आहे. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांतील पंधरावा नियम तर आणखी स्पष्ट आहे. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते, अशा कारखान्याबाहेरील माणसांना धोक्याचे स्वरूप काय आहे आणि प्रसंग ओढवल्यास काय करावे व काय करू नये, हे भोगवटादाराने आधीच कळवले पाहिजे. कारखान्याच्या आतल्या आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा व्हावी, असेही हे नियम सांगतात. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गट नेमले. एवढी कायद्याची चौकट थोडक्या देशांत असेल.

तरीही मर्यादांचे आकडे पाहिले की मन अस्वस्थ होते. १९८९ च्या नियमांत क्लोरीनची किमान मर्यादा १० टन आहे, आणि पंधराव्या नियमाचे बंधन तेथून पुढे सुरू होते. एका टोनरमध्ये ९०० किलो क्लोरीन असते, म्हणजे अकरा टोनर जवळ ठेवणाराही त्या मर्यादेच्या खालीच राहतो. अमेरिकेत ४५ किलोंच्या एका सिलिंडरपासून अग्निशमन केंद्राला साठा कळायला लागतो आणि आपल्याकडे जनतेला कळवण्याची सक्ती १० टनांपासून सुरू होते, ही तुलना मी कोणालाही कमी लेखण्यासाठी करत नाही. थायोनिलची ती शेड याच फटीत बसत होती, म्हणून करते.

फलकांविषयीही सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये दिलेल्या आदेशामुळे घातक रसायने आणि घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांना मुख्य प्रवेशद्वाराबाहेर त्यांचा प्रकार आणि प्रमाण दाखवणारा फलक लावावा लागतो. आमच्या वसाहतीत संध्याकाळी फिरायला जाताना मी हे फलक वाचते. काही कारखान्यांचे फलक खरोखर कौतुकास्पद आहेत : स्वच्छ अक्षरांत, मराठीतही, तारखेसह, महिन्याच्या महिन्याला पुसून नव्याने लिहिलेले. काहींच्या फलकावर मात्र रकाने छापलेले आणि आकडे कोरे आहेत, आणि एका फलकाची खालची अर्धी बाजू गंजून गळून पडली आहे, ज्या अर्ध्यात साठ्याचे प्रमाण लिहिलेले होते. दिवसा त्यासमोरून शाळेच्या बसगाड्या जातात. त्या बसचालकालाही ते आकडे वाचता आले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

विशाखापट्टणमजवळच्या पॉलिमर कारखान्यातून ७ मे २०२० रोजी पहाटे स्टायरीनची वाफ सुटली, तेव्हा जवळच्या वस्तीतील माणसे झोपेतून उठून धावताना रस्त्यातच कोसळली. वस्तीला सावध करणारा भोंगा वाजलाच नाही, असे राज्य सरकारने नेमलेल्या समितीने नोंदवले. या अ‍ॅपमध्ये स्टायरीनचे पत्रक उघडले, तर साठवणुकीत त्याचे आपोआप बहुवारिकीकरण होऊ शकते, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते तापू शकते, हा इशारा सुरुवातीलाच मिळतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फोडल्या. तेथे अनेक ठिकाणी कारखाना आणि राहती इमारत यांच्यामध्ये एका रस्त्याचेच अंतर आहे. अशा इमारतीतल्या माणसाकडे पत्रक वाचण्याचे साधन आज मोबाइलमध्ये आहे. समोरच्या भिंतीआड कोणते पत्रक लागू पडते, एवढे मात्र त्याला बहुतेक वेळा कोणी सांगितलेले नसते.

पुन्हा अ‍ॅपकडे वळते. त्यातील मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे दोन रसायने एकत्र आली तर काय होईल, याचा अंदाज देणारा भाग. आपल्याला हवी ती रसायने यादीत घालायची आणि तक्ता मागायचा. प्रत्येक जोडीपुढे ती एकमेकांशी जुळते, जपून हाताळावी लागते किंवा मुळीच जुळत नाही, असा शेरा आणि त्यातून कोणते वायू निघू शकतात हे मिळते. सफाईचे काम करणाऱ्या महिलांच्या एका वर्गात मी हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण) आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिड ही दोनच नावे घातली. क्लोरीन वायू निघेल, असे उत्तर आल्यावर त्यांच्यातील एक ताई म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी संडास धुताना मला घेरी आली होती ती यामुळेच.” त्यांच्या ठेकेदाराने दोन्ही डबे एकाच कपाटात ठेवलेले होते आणि डब्यांवर लेबले नव्हती. घातक रसायनांची माहिती देण्याचे कर्तव्य मोठ्या कारखान्यापुरते नाही, हे मला तेथे नव्याने उमगले.

या सोयीच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. अंदाज जोडीजोडीने मिळतो. तीन रसायने एकत्र आल्यावर काय होईल, ते तक्ता सांगत नाही. प्रमाण किती, तापमान किती, याचाही तो विचार करत नाही. तक्त्यात ‘जुळते’ असे दिसले म्हणून दोन पिंपे डोळे मिटून शेजारी ठेवावीत, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

उणिवा इतरही आहेत. संपूर्ण अ‍ॅप इंग्रजीत आहे, आणि तीही तांत्रिक इंग्रजी, त्यामुळे दहावी झालेल्या जवानाला पहिले काही आठवडे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. तापमान फॅरेनहाइटमध्ये दिलेले असते. भडका उडण्याचा अंश वाचून तो सेल्सिअसमध्ये बदलण्याइतका वेळ घटनास्थळी कोणाकडेही नसतो, म्हणून नेहमीच्या रसायनांचे आकडे आम्ही आधीच बदलून वहीत उतरवले आहेत. आपल्याकडच्या कारखान्यांत सर्रास वापरली जाणारी बोलीतली नावे, कंपन्यांनी आपापल्या मिश्रणांना दिलेली व्यापारी नावे आणि ‘इंटरमीजिएट’ एवढेच लिहिलेली पिंपे यांच्यापुढे अ‍ॅप हतबल ठरते. मिश्रणाचे पत्रक त्यात मिळत नाही. त्यासाठी पुरवठादाराचे एमएसडीएस, म्हणजे मालाचे सुरक्षा माहितीपत्रकच लागते, आणि तेही कपाटात कुलूपबंद न ठेवता प्रवेशद्वारापाशी ठेवलेले. कायद्याचा भाग तर पूर्णपणे अमेरिकेचा आहे.

रस्त्यावरच्या टँकरच्या बाबतीत हे अ‍ॅप सर्वाधिक कामी येते, हे माझे निरीक्षण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३४ व्या नियमानुसार घातक माल नेणाऱ्या वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक लावावा लागतो. त्यावर रसायनाचे नाव, यूएन क्रमांक, धोक्याचे चिन्ह, माल पाठवणाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असतो. मुंबई-गोवा महामार्गावर उलटलेल्या एका टँकरचा क्रमांक आमच्या गावच्या पोलीसपाटलांनी दुरूनच मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून वाचला, अ‍ॅपमध्ये टाकला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक योग्य अंतरावर थांबवली. एका रात्रीत जिल्हा ओलांडून जाणारा टँकर आपल्या अंगावर नाव लिहून फिरतो आणि वीस वर्षे एकाच जागी उभी असलेली शेड काहीच सांगत नाही, ही विसंगती आपण चालवून घेतो, याचे मला वाईट वाटते.

हे अ‍ॅप कोणी घ्यावे, असे विचारलेत तर अग्निशमन केंद्र, औद्योगिक वसाहतीतील परस्पर साहाय्य गट, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, पोलीसपाटील, सरपंच आणि वसाहतीलगतच्या गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांनी ते आजच उतरवून घ्यावे आणि महिन्यातून एकदा तरी उघडून पाहावे. अपघाताच्या वेळी प्रथमच उघडलेले अ‍ॅप गोंधळच वाढवते.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही अ‍ॅपच्या जोडीला एक साधी वही सुरू केली. प्रत्येक कारखान्याला एक पान, आणि पानावर चार गोष्टी : कोणती रसायने, त्यांचे यूएन क्रमांक, आवारात कोणत्या बाजूला ठेवली आहेत, आणि रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक. केंद्रप्रमुख आणि मी प्रत्येक कारखान्यात स्वतः गेलो. बहुतेकांनी पहिल्याच भेटीत यादी दिली, आणि एका मालकाने तर आपल्या जुन्या बंद शेडमधील सोडियम धातूचे डबेही न विचारता सांगितले. उरलेल्या पानांपैकी काहींवर अजून फक्त कारखान्याचे नाव आहे. ती वही बंबात चालकाच्या आसनामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली असते, आणि कोऱ्या पानांच्या कारखान्यांकडे आमची पुढची फेरी या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे.